धर्मकाट्यावर बसून देवाचं ऐकायचं म्हणजे काय?

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की तुम्ही २६ वर्षांचे आहात, नागपुरात कामठी रोडकडच्या एका धर्मकाट्यावर, म्हणजे मालाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर, संगणकावर बसता, तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला आणि घरात तुम्ही एकटेच विश्वासणारे आहात. सोयाबीनच्या हंगामात एका ठरावीक व्यापाऱ्याकडे माल घेऊन शेतकऱ्याची भरलेली गाडी आली, की मालक वजन दीडशे-दोनशे किलो कमी चढवायला सांगतो. वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक वडीलधारे म्हणतात, 'नोकरी सोड, देव पाहून घेईल.' दुसरा एक भाऊ म्हणतो, 'धन्याच्या आज्ञेत राहा, असं शास्त्रातच आहे.' तुम्ही २१ दिवस उपवास-प्रार्थना केली, पण देवानं काही सांगितलं नाही. शेवटी विचारलंय, 'मी आज्ञा पाळत नाहीये, मग माझं तारण (पापातून सुटका) राहील का?' आणि जाता जाता आईच्या महालक्ष्म्यांच्या पूजेला बसायचं का, याबद्दलही.

मी पाळक नाही. हिंगण्याच्या एका कारखान्यात २८ वर्षं गोदाम सांभाळलं, आता निवृत्त आहे. मंडळीत वडील (एल्डर) म्हणून काम करतो, घरोघरी प्रार्थनासभा घेतो. त्यातली निम्मी माणसं अशाच गोष्टी घेऊन येतात: बिल, पावती, हजेरी, कमिशन. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. 'नोकरी सोडू की नको' हा तुमचा खरा प्रश्न नाही, असं मला वाटतं. तुमच्यापुढे दोन गोष्टी आहेत. एक, खोटी पावती. दोन, नोकरी. दुसरीचं उत्तर तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पहिलीचं उत्तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, नाहीतर तुम्ही लिहिलंच नसतं. लेवीय १९ व्या अध्यायाच्या शेवटी तराजू, वजनं आणि मापं खरी ठेवा असं स्पष्ट आहे. नीतिसूत्रे ११ ची सुरुवातच खोट्या तराजूचा देवाला वीट येतो इथून होते. तुमच्या कामाबद्दल इतकं थेट वचन फार थोड्या लोकांना मिळतं. २१ दिवस तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मागत होता. देव गप्प नव्हता भाऊ, त्यानं पहिल्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं.

आपल्या भाषेत याची किल्ली आहे. आई म्हणते, 'हा पोरगा माझं ऐकत नाही.' त्या पोराचे कान चांगले असतात. मराठीत ऐकणं म्हणजे कानानं ऐकणं आणि ऐकणं म्हणजे तसं वागणंही. जुन्या कराराच्या इब्री भाषेत नेमकं हेच आहे. 'शमा' या एकाच शब्दात ऐकणंही येतं आणि मानणंही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आज्ञापालनासाठी जो शब्द आहे तोही ऐकण्याच्या शब्दावरूनच तयार झालाय. म्हणून 'देवाचं ऐकू येत नाही' असं कुणी म्हणालं, की मी त्याला विचारतो, शेवटचं जे ऐकू आलं होतं त्याचं काय केलंत?

हे मी तुम्हाला टोचून बोलत नाही. उपवास तुम्ही मनापासून केला, यात मला शंका नाही. पण १ शमुवेल १५ मधला शौल राजा आठवा. त्या अध्यायातल्या लढाईचा भाग जड आहे, त्यावर कधीतरी वेगळं बोलावं लागेल. इथे मला फक्त मेंढरं हवी आहेत. शौलानं चांगली चांगली जनावरं राखून ठेवली आणि शमुवेल संदेष्टा आला तेव्हा म्हणाला, मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलानं विचारलं, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? शौलाचं उत्तर तयार होतं: ती यज्ञासाठी आणली आहेत. तेव्हा त्याला सांगितलं गेलं, की यज्ञापेक्षा आज्ञा मानणं बरं. शौल देवाला काहीच देत नव्हता असं नाही. जे मागितलं होतं ते सोडून दुसरं देत होता. उपवास, दशांश, रात्रभरची प्रार्थना या सगळ्या चांगल्या गोष्टींची अशी मेंढरं होऊ शकतात. माझ्याही झाल्या होत्या.

ते सांगतो. १९९४ मधली गोष्ट. बाहेरून येणारं तेल ड्रममध्ये यायचं. खरेदी बघणारे साहेब सांगायचे, ३१ आले तरी ४० लिही, बाकीचे मागून येतात. मागून कधी आले नाहीत. मी दोन वर्षं लिहीत राहिलो. माझ्या नावावर घराचं कर्ज होतं, मुलगी लहान होती. या दोन वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही, उलट शब्बाथ शाळेत मुलांना दहा आज्ञा पाठ करून घ्यायचो. मे महिन्यातली दुपार होती. कूलर चालू होता, ओल्या वाळ्याचा वास येत होता आणि मी आवक वहीची मागची पानं तपासत होतो. एका पानावर मी घाईत आधी खरा आकडा लिहिला होता आणि मग त्याच पेनानं त्यावर दुसरा गिरवला होता. चारच्या खाली तीन स्पष्ट दिसत होता. एकाच्या भोवती शून्य काढलेलं होतं. ते पान कुणालाही दाखवलं असतं तर लहान पोरालाही कळलं असतं. दोन वर्षं माझ्या हातचं काम ते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी ते वाचलं.

दोन दिवसांनी साहेबांकडे गेलो. एवढंच म्हणालो, 'साहेब, आता गाडीतून जेवढं उतरेल तेवढंच लिहीन.' तोंड कोरडं पडलं होतं. ते चिडले नाहीत. 'ठीक आहे' म्हणाले. महिन्याभरात माझी बदली गेटवर झाली, उन्हात. दोन वर्षं पगारवाढ मिळाली नाही. काही चमत्कार झाला नाही, साहेबांचं मन पालटलं नाही, तो पुरवठादारही चालूच राहिला. मागच्या दोन वर्षांचं खरं वरच्यांना लेखी द्यायला मला आणखी पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांची मला आजही खंत आहे. पण गेटवर उभा असताना मी प्रार्थना करू शकत होतो. त्याआधीची दोन वर्षं मी प्रार्थना म्हणत होतो, करत नव्हतो. फरक काय, ते ज्यानं दोन्ही केलंय त्यालाच कळतं.

आता धन्याच्या आज्ञेबद्दल. कलस्सैकरांस ३ मध्ये दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असं आहे, हे तुमचे भाऊ बरोबर सांगतात. पण त्याच्याच पुढे आहे की जे कराल ते माणसासाठी नाही, प्रभूसाठी म्हणून करा. खोटी पावती प्रभूसाठी म्हणून कशी काढणार? जिथे धनी देवाच्या विरुद्ध सांगतो तिथली मर्यादा प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये पेत्रानं घालून दिली आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. म्हणून मालकानं सकाळी आठला या म्हटलं तर आठला जा, काटा झाडा म्हटलं तर झाडा. दोनशे किलो खा म्हटलं तर नाही.

तरीही 'नोकरी सोड' हे उत्तर मी देणार नाही. लूक ३ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि विचारू लागले, आम्ही काय करावं? जकातदारी त्या काळी लुबाडणुकीसाठी प्रसिद्ध होती. योहान म्हणाला, तुम्हाला ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. जकात सोडा असं म्हणाला नाही. शिपायांनाही शिपाईगिरी सोडा म्हणाला नाही. छळून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढंच म्हणाला. त्याच जागेवर बसून खरं काम करा, ही आज्ञा नोकरी सोडण्यापेक्षा अवघड आहे. नोकरी सोडून गेलात तर त्या खुर्चीवर दुसरा येईल आणि दोनशे किलो जातच राहतील.

आणि हे दोनशे किलो म्हणजे काय, तेही एकदा नीट पाहा. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता. त्या भावानं दोन क्विंटल म्हणजे ९७८४ रुपये, एका गाडीमागे. तुमचा मालक म्हणत असेल, 'अरे दोनशे किलोनं काय होते बे, माती-कचरा धर.' ज्याची गाडी आहे त्याचं पुढच्या हंगामाचं बियाणं त्यात जातं. लोक त्या जागेला धर्मकाटा म्हणतात, कारण तिथलं वजन दोन्ही बाजूंनी मान्य करायचं असतं. त्या विश्वासावरच शेतकरी पावती न भांडता खिशात घालतो.

मालकाशी बोलायचं कसं? मला दानीएलाचा पहिला अध्याय इथे फार उपयोगी वाटतो. राजाचं अन्न खायचं नाही हे त्यानं मनात आधी ठरवलं, पण ताट भिरकावलं नाही. कारभाऱ्याला विनंती केली. कारभाऱ्याला राजाची भीती वाटत होती, ती समजून घेतली, आणि एक मार्ग पुढे ठेवला: दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा. निश्चय पक्का, बोलणं नम्र, आणि समोरच्याला पटेल असा पर्याय. तुम्हीही एकट्यात, गाड्या नसताना, मालकाशी बोला. व्यापाऱ्यासमोर नाही. 'भाऊ, मी तुमचं नुकसान करणार नाही, वेळेच्या आधी येतो, हिशेब चोख ठेवतो, पण पावतीवर काट्यानं दाखवलेलंच वजन येईल. संगणकात हातानं आकडा टाकणं माझ्याच्यानं होणार नाही.' इतकं बोलून थांबा. प्रवचन देऊ नका, त्याच्या पापाचा हिशेब मांडू नका. पर्यायही ठेवा: बाहेरच्या बाजूला मोठा डिस्प्ले लावू, गाडीवाल्याला भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची दोन्ही वजनं दिसू द्या, काटा खरा आहे ही बातमी पसरली की गाड्या वाढतील. वाढतीलच असं वचन मात्र त्याला देऊ नका, स्वतःलाही नाही.

इथून पुढे परिस्थितीवर आहे. मालक स्वतःच व्यापाऱ्याच्या दबावाखाली असेल तर तो तुमच्या आडून नाही म्हणायला तयारही होईल, असं मी एकदा पाहिलंय. दुसरं काम देईल, उदाहरणार्थ फक्त वसुलीचं, तर ते घ्या. त्या गाड्यांच्या वेळी दुसऱ्याला बसवेल, तर तुमचे हात स्वच्छ राहतील पण मनाला टोचत राहील, मग तिथे किती दिवस राहायचं ते प्रार्थनेत ठरवा. काढून टाकेल, हेही शक्य आहे. आणि धमकी देईल, तर त्याच दिवशी पाळकसाहेबांना आणि एखाद्या वकिलाला सांगा, एकटे राहू नका. कायद्यानंही खोटं वजन हा गुन्हा आहे. काट्यांची पडताळणी आणि मुद्रांकन वैधमापन शास्त्र विभाग करतो, आणि उद्या चौकशी झाली तर संगणकावर बसणाऱ्यालाही विचारलं जाईल. ही भीती घालायला सांगत नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

बोलायला जाण्याआधी दुसरं काम शोधायला सुरुवात करा. यात विश्वासाची कमी नाही. मागे एका भावानं संदेश ऐकून रातोरात राजीनामा दिला आणि पुढच्या रविवारी साक्ष दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार महिन्यांनी त्याच्या घरी गेलो तेव्हा बायको दुसऱ्यांचे डबे करून घर चालवत होती आणि मुलीची फी थकली होती. तिला त्यानं विचारलंही नव्हतं. मार्क ७ मध्ये येशू अशाच लोकांवर रागावला आहे. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलंय असं म्हणून हात झटकणाऱ्यांना तो म्हणतो, तुम्ही देवाचं वचन रद्द केलंत. तुमच्या वडिलांचं डायलिसिस ही आज्ञापालनाच्या वाटेतली अडचण नाही. 'आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख' ही आज्ञाच आहे. म्हणून रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला या आठवड्यात भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमचं रुग्णालय त्या योजनेत आहे का, नसेल तर जवळचं कोणतं आहे, कागद कोणते लागतात, हे त्यांच्याकडून लिहून आणा. तो खर्च उतरला तर मालकासमोर उभं राहताना पाय कमी थरथरतील. तुमच्या मंडळीलाही स्पष्ट सांगा. 'सोड' म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना विचारा, की तीन महिने किराण्याला मंडळी हात देईल का? हे विचारण्यात लाज नाही. आज्ञा एकट्याला दिलेली नसते.

मागच्या पावत्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचाराल. लूक १९ मधला जकातदार जक्कय येशूला म्हणाला होता, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. तुम्ही ते पैसे घेतले नाहीत, व्यापाऱ्यानं घेतले. शेतकरी कोण, हेही बऱ्याचदा माहीत नसेल. तरी मालकानं हातावर ठेवलेले शंभर-दोनशे तुम्ही घेतले असतील तर तेवढ्याचा हिशेब करा. एखाद्या शेतकऱ्याला ओळखत असाल तर त्याच्यापासून सुरुवात करा. हे एका दिवसात होणार नाही. पाळकसाहेबांबरोबर बसून ठरवा, कारण इथे घाईघाईत केलेल्या कबुलीनं दुसऱ्या कुणाला गोत्यात आणणंही होऊ शकतं.

तारणाबद्दल. मंडळ्या-मंडळ्यांत यावर शिकवणीचे फरक आहेत, हे मी लपवणार नाही. मी उत्तर भारत चर्चचा. सहा मंडळ्या एकत्र येऊन ते चर्च झालं ते आपल्याच नागपुरात, सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि फक्त प्रौढांना देणारेही. बोलणी १९२९ पासून चालली होती, इतके मतभेद होते. पण तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, हे त्या सगळ्यांना मान्य होतं. इफिसकरांस २:८-९ वाचा आणि तिथे थांबू नका, दहावं वचनही वाचा: आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. मुलगा ऐकतो म्हणून मुलगा होत नाही. मुलगा आहे म्हणून ऐकायला शिकतो, आणि शिकताना मारही खातो, चुकतोही. तुमची पावती तुमचं तारण ठरवत नाही. पण तारण झालेल्या माणसाला खोट्या पावतीवर झोप लागत नाही, आणि तुम्हाला लागत नाहीये. मला त्यात देवाचा हात दिसतो.

आईबद्दल थोडक्यात. पूजेला बसणार नाही हे तिला महालक्ष्म्यांच्या दिवशी नाही, महिनाभर आधी, शांतपणे सांगा. बाकी घरातलं काम तुमचंच आहे: सामान आणा, पाहुण्यांना वाढा, भांडी घासा. ताटातल्या नैवेद्याबद्दल १ करिंथ ८ आणि १० वाचून पाळकसाहेबांशी बोला. मी तुमच्या घरात बसलेलो नाही. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेच्या डब्यात. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. किती दुखावल्या होत्या त्या! त्यांचा बाप्तिस्मा काही वर्षांनी झाला, त्यांच्या स्वतःच्या विचारानं. आईला तुमच्या वचनांपेक्षा तुमचा आवाज आधी ऐकू येतो. तिच्याशी बोलताना तो चढू देऊ नका.

तेव्हा क्रम असा धरा. आरोग्यमित्र या आठवड्यात. मंडळीतल्या दोघांना सांगणं या रविवारी. मालकाशी बोलणं त्यानंतर, त्या व्यापाऱ्याची पुढची गाडी येण्याच्या आधी. ती गाडी आधीच आली, तर त्या दिवशीही पावती खरीच निघेल आणि बोलणं तिथेच करावं लागेल. कोणत्या दिवशी जाणार ते मला कळवा. त्या सकाळी माझी बायको आणि मी तुमचं आणि तुमच्या मालकाचं, दोघांचंही नाव घेऊन प्रार्थनेला बसू.